सृष्टिरचनेत हेतू आहे काय?

डहाणूच्या बाजूस नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वासनिक गृहस्थांनी आमच्याकडे पत्राने एक शंका पाठविली. ते तेथे प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. मूळचे वऱ्हाडातील असून घराणे तीन पिढ्यांचे उपदेशी आहे. शंका तशी फार जुनी आहे. परंतु ज्या प्रसंगातून ती त्यांच्या मनात उठली तो प्रसंग असा आहे, की तिचे उत्तर खासगी पत्रात बंद करून ठेवणे बरे वाटले नाही. इतर साधकांच्या मनातही ती केव्हा ना केव्हा उठतेच. यास्तव ती येथे मांडून यथामती विचार करीत आहोत.

पत्राचा आशय असा :

"बाबा, दंडवत प्रणाम. २०१८ च्या नोव्हेंबर महिन्यापासून आमच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले या बाजूस त्यांचा जोर अधिक होता. प्रथम वाटले, कोठे तरी खाणीत सुरुंग उडाला असेल. पुढे ते नित्याचेच झाले. आधी जमिनीतून गडगडाट येई, मग भांडी वाजत, भिंतींना चिरा जात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्यांतील मोठ्याची तीव्रता ४ च्या वर होती. त्या घाबरगुंडीत घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक बालिका गेली. भर थंडीत माणसे लेकराबाळांसह तंबूत व उघड्यावर निजू लागली. अशात एके ठिकाणी एक वक्ते आले व म्हणाले, की सृष्टीत हेतूवाचून काहीही घडत नाही. हे लोकांच्या पापाचे शासन आहे. दुसऱ्या दिवशी वर्गातील एका मुलाने मला विचारले, 'गुरुजी, त्या पोरीने काय केले होते?' मला उत्तर देता आले नाही. बाबा, उंबर पाहिला, मोहाचे फूल पाहिले, की सृष्टीत योजना आहे असे मलाही वाटते. मग भूकंपातही ती मानावी काय? तेथे न मानावी, तर उंबरात तरी का मानावी?"

शंका मोठ्या प्रामाणिकपणे विचारली आहे. फूल पाहून जगात योजना आहे असे म्हणणारे पुष्कळ असतात; तीच योजना चिरलेल्या भिंतीसही लावून पाहण्याचे धैर्य थोड्यांना असते. गुरुजींनी ते केले आहे, म्हणून उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

उंबराचा विचार

प्रथम ज्या वस्तूत योजना दिसते तीच वस्तू नीट पाहू. आपल्याकडे दुर्मीळ गोष्टीला उंबराचे फूल म्हणतात, कारण ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. वस्तुतः उंबर म्हणून जे आपण पाहतो त्याच्या पोटातच शेकडो बारीक फुले दाटलेली असतात. त्याच्या तोंडाशी सुईच्या अग्राएवढी वाट असते. त्या वाटेने एका विशिष्ट जातीची चिलटाएवढी मादी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. अंगाला लागून आलेले पराग ती आतील फुलांवर सोडते, तेथेच अंडी घालते आणि तेथेच मरते. तिच्या संततीतील नर पंखावाचूनच जन्मतात. मादीशी मीलन झाले, की ते उंबराच्या सालीतून बाहेर जाण्याची वाट कोरतात व मरून जातात. त्या वाटेने नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. झाडावाचून तो कीटक नाही आणि त्या कीटकावाचून झाडाला बी नाही.

ही घडण पाहून कोणीही थक्क होईल. परंतु आता विचारावे, की ही योजना कोणासाठी? झाडासाठी म्हणावे, तर त्या मादीने प्राण का द्यावा? मादीसाठी म्हणावे, तर तिची संतती ज्यावर वाढते ती झाडाची फुले का नासावीत? शिवाय त्याच उंबरावर दुसऱ्या काही जातींची चिलटे येतात; ती पराग आणीत नाहीत, बाहेरूनच आत अंडी घालतात आणि फुकट पोसली जातात. मग त्यांचीही योजना मानावी काय? आणि उंबर खाणारा पक्षी, वटवाघूळ, माकड व माणूस, हे सर्व म्हणतील, की उंबर आमच्यासाठीच पिकला.

घोलवडच्या चिकूचेही असेच आहे. त्या बाजूचा चिकू इतका नामांकित, की २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावोगाव वाड्या आहेत आणि शेकडो घरे त्यावर चालतात. साहजिकच वाटावे, की हे झाड या किनाऱ्यासाठी, या माणसांसाठीच निर्माण झाले. परंतु ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहे. तेथील रानात त्याचा गोडवा पशुपक्ष्यांसाठी होता, त्यांनी बी दूर न्यावे म्हणून. त्याचा चीक ही त्याची ढाल. तिकडील माणसांनी तोच चीक आटवून चघळण्याचा डिंक केला. आज घोलवडला रात्री वटवाघुळे वाडीत शिरली, की बागाईतदार त्यांना चोर म्हणतो. पण गोडव्याच्या जुन्या करारात वटवाघुळाच्या जातीचे नाव माणसाच्या आधीचे आहे.

यावरून तीन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या पाहिजेत. पहिली *रचना* : अवयवांची एकमेकांशी जुळणी. ती सृष्टीत उघड दिसते, नाकारण्याचे कारण नाही. दुसरी *उपयोग* : एका वस्तूपासून दुसरीचे काम होणे. तोही दिसतो, मात्र तो एकाचा नसून अनेकांचा व परस्परविरोधी असतो. तिसरी *हेतू* : कोणी तरी मनात धरून, अमक्यासाठी म्हणून करणे. हा तिसरा पदार्थ उंबरात कोठेच दिसत नाही. पहिल्या दोहोंवरून आपण तो कल्पितो, आणि कल्पिताना बहुधा स्वतःला मध्यभागी ठेवतो.

पूर्वपक्ष

हा वाद आपल्या देशात नवा नाही. नैयायिकांनी असे मांडले, की घट हे कार्य आहे, त्याला कुंभार लागतो. जगही कार्य आहे, तर त्याला कर्ता असलाच पाहिजे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हा पक्ष मोठ्या सामर्थ्याने उभा केला. मीमांसकांनी तो मानला नाही. सांख्यांनी तर निराळेच सांगितले : प्रकृती जड आहे, तरी ती पुरुषाच्या कार्यासाठी प्रवृत्त होते, वासराच्या पोषणासाठी अचेतन दूध जसे वाहते, तसे. त्यावर वेदान्त्यांनी आक्षेप घेतला, की दूध आपणहून वाहत नाही. सचेतन गाईचे वात्सल्य व वासराचे चोखणे तेथे असते, आणि अचेतन वस्तूकडून रचना संभवत नाही.

युरोपात १८०२ साली विल्यम पेली या धर्मोपदेशकाने घड्याळाचा दाखला दिला : रानात घड्याळ सापडले, तर कोणी तरी घडविणारा होता असे आपण म्हणतो, मग डोळ्यासारखा अवयव पाहून का म्हणू नये? पुढे १८५९ साली चार्ल्स डार्विनने दाखवून दिले, की प्रत्येक पिढीत थोडाथोडा भेद असतो, जे भेद जगण्यास उपयोगी पडतात ते टिकतात, इतर गळतात. आणि असंख्य पिढ्यांच्या या गाळणीतून योजल्यासारखी दिसणारी रचना कोणी न योजताही घडून येते. उंबर व त्याचे चिलट यांची जोडी अशीच कोट्यवधी वर्षांत एकमेकांशी घासून जुळली आहे. हे ज्ञान आता पक्के झालेले आहे. ते डावलून शास्त्राचे मंडन करू पाहणे म्हणजे शास्त्रास दुबळे समजणे होय.

येथे एखादा सद्भक्त घाबरून म्हणेल, 'मग परमेश्वर कोठे राहिला?' त्याने घाबरू नये. परमेश्वराचे ज्ञान आपल्याला उंबर फोडून होते, असे आपल्या शास्त्राने कधीच सांगितलेले नाही. ते ज्ञान परमेश्वरावतारापासून, त्याच्या श्रीमुखींच्या वचनापासून होते. केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात जात्यंध माणसे व हत्ती यांचा प्रसिद्ध दृष्टांत आहे : ज्याच्या हाताला जो अवयव लागला, त्याने तोच हत्ती मानला. सृष्टीला हात लावून तिच्या कर्त्याचे मन सांगू जाणारा माणूस त्याच जात्यंधांच्या पंक्तीस बसतो. मग तो सृष्टीत हेतू आहे म्हणो की नाही म्हणो.

शास्त्राचे म्हणणे

आता आपल्या सिद्धान्ताकडे वळू. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत. प्रपंच जड आहे. त्याला इच्छा नाही, राग नाही, दया नाही. जीव अविद्येने बद्ध आहे, परंतु मुक्त होण्यास पात्र आहे. देवता नित्यबद्ध व परमेश्वर नित्यमुक्त. सृष्टी का प्रवर्तते, या प्रश्नाला कोणी 'लीलेसाठी' असे उत्तर देतात. आपले शास्त्र तसे म्हणत नाही. जीवाला देह मिळावा, कर्मभूमी मिळावी, ज्ञानाची संधी मिळावी आणि त्याचा उद्धार व्हावा, या कृपेपोटी परमेश्वराची प्रवृत्ती होते. म्हणजे सृष्टीला प्रयोजन आहे, आणि ते एकच आहे.

येथेच घोटाळा होतो. सृष्टीला प्रयोजन आहे, हे एक विधान झाले. सृष्टीतील प्रत्येक घटना कोणी तरी कोणासाठी तरी हेतुपुरस्सर घडविली, हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. हे स्पष्ट होण्यासाठी एक साधा दाखला घेऊ.

एका उदार गृहस्थाने वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधविली. तिचे प्रयोजन एकच : थकल्याभागल्यास आसरा. पुढे पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरले, माती सैल झाली, एक वीट सुटली व आत निजलेल्या वाटसरूला लागली. धर्मशाळेला प्रयोजन होते म्हणून वीट पडण्यालाही दात्याचा हेतू होता, असे कोणी म्हणेल काय? वीट पडली ती पाण्याने व मातीच्या स्वभावाने. आणि वाटसरू विव्हळत असता दुसरा कोणी 'दात्याच्या मनात तुला मारावयाचे होते' असे सांगू लागला, तर त्याने वाटसरूलाही दुखविले आणि दात्यालाही कलंक लावला.

हाच दाखला सृष्टीला लावावा. कर्मभूमी ही धर्मशाळा. तिचे प्रयोजन जीवाचा उद्धार. परंतु ती जड प्रपंचाची बांधलेली आहे आणि जडाचा स्वभाव परमेश्वराने घडविलेला नाही. प्रपंच अनादी आहे. माती सुटते, पाणी मुरते, खडक ताणाखाली तुटतो. चारही पदार्थ वेगळे मानणाऱ्या शास्त्राचा येथे मोठा आधार आहे : जडाचे जडपण परमेश्वराच्या माथी मारण्याची त्याला गरज पडत नाही. जे सर्वच एका ईश्वराचे रूप मानतात, त्यांना वीटही ईश्वर, पाडणाराही ईश्वर आणि मरणाराही ईश्वर म्हणावे लागते. तो भार आपल्यावर नाही.

धरणी का हालली?

मग डहाणू-तलासरीत धरणी का हालली? याचे उत्तर प्रपंचातच शोधले पाहिजे. धक्के सुरू झाल्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने व दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने तेथे भूकंपमापक यंत्रे बसविली. हजारो लहानमोठे धक्के नोंदले गेले. एक मोठा धक्का व मागून बारीक धक्के, असा हा प्रकार नव्हे. लहान व मध्यम धक्क्यांचा हा थवाच आहे. त्यांचे उगम जमिनीच्या पोटात फार खोल नाहीत, म्हणून तीव्रता बेताची असूनही गडगडाट ऐकू येतो व भिंती तडकतात. खालचा बसाल्ट खडक जुन्या भेगांनी भरलेला आहे. पावसाचे पाणी त्या भेगांतून खोलवर मुरते, त्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणलेल्या भेगा सरकतात, असे अभ्यासकांचे एक प्रमुख मत आहे.

कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपाचा संबंधही शास्त्रज्ञांनी तेथील जलाशयाच्या पाण्याशी जोडला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून. कुडाची भिंत व हलके छप्पर पडले तरी माणूस बहुधा दडपत नाही. वजनदार भिंत दडपते. हे जाणणे म्हणजे नास्तिकपणा नव्हे. आपल्या पायाखाली मुंगीचेही घर मोडू नये, अशा अर्थाची स्वामींची आज्ञा आहे. जिचा विचार पाऊल टाकण्याआधी करावयाचा ती मुंगी, आणि जिचा विचार भिंत बांधण्याआधी करावयाचा ते लेकरू. अहिंसा दोन्हीकडे एकच आहे. प्रपंच कसा वागतो हे न जाणता अहिंसा पुरी होत नाही.

शासनाचा सिद्धान्त का नको?

तरी भूकंपाला शासन म्हणण्याचा मोह मोठमोठ्यांनाही पडलेला आहे. १७५५ साली १ नोव्हेंबरला, ख्रिस्ती संतांच्या सणादिवशी, पोर्तुगालातील लिस्बन शहरी प्रचंड भूकंप झाला. माणसे प्रार्थनेला जमलेली असता चर्चच त्यांच्यावर कोसळली. तरी ते ईश्वरी शासन होय, असे सांगणारे उपदेशक निघाले. त्यावर व्हॉल्टेअरने जो प्रखर आक्षेप घेतला, तो युरोपच्या विचारात एक वळण मानला जातो.

आपल्याकडचे उदाहरण अधिक विचारणीय आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात व नेपाळात भूकंप होऊन दहा हजारांवर माणसे मेली. महात्मा गांधी त्या वेळी अस्पृश्यतानिवारणासाठी दौऱ्यावर होते. त्यांनी म्हटले, की हे अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी, अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींशी पूर्ण एकमत असूनही, जाहीरपणे हे म्हणणे नाकारले. त्यांचा युक्तिवाद असा, की नीतीचा नियम व जड भूतांची हालचाल यांची अशी गाठ घालता येत नाही. आणि घातलीच, तर सनातनी लोकही म्हणू शकतील, की भूकंप झाला तो तुमच्या सुधारणेच्या पापाने. गांधीजींनी ते पत्र आपल्या 'हरिजन' पत्रात छापले व आदराने उत्तर दिले. स्वतःचे मत मात्र सोडले नाही.

या वादात अस्पृश्यता पाप आहे, हे दोघांनाही मान्य होते. ते पाप आहे हे समजण्यासाठी भूकंपाची साक्ष लागत नाही, हा रवींद्रनाथांच्या पक्षाचा गाभा आम्हाला ग्राह्य वाटतो. स्वामींनी आपल्या मार्गात स्त्री-शूद्रांना स्थान दिले, ते कोणत्या धरणीकंपाच्या भयाने नव्हे. शिवाय मेले कोण? ज्यांनी अन्याय केला तेच नव्हेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचीच घरे आधी पडली.

सृष्टीतून हेतू वाचण्याचा दुसराही एक धोका आहे, आणि त्याचे उदाहरण याच तालुक्यांच्या इतिहासात आहे. एके काळी येथील वारली बांधव जमीनदारांच्या घरी वेठीने राबत. लग्नापुरते कर्ज घेतलेला माणूस 'लग्नगडी' होऊन बायकोसह धन्याच्या दारी बांधला जाई. धन्यांना ही व्यवस्था सूर्याच्या उगवण्याइतकी स्वाभाविक वाटे. रान, गवत व ती माणसे आपल्यासाठीच आहेत, अशी त्यांची धारणा होती. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे हजारो वारली जमले व आम्ही वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड आदी पाच जण मृत्यू पावले. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेविली आहे. त्या राजकारणाच्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्या विचारापुरते एवढेच पाहावे, की जी गोष्ट 'निसर्गाची योजना' म्हणून मिरवत होती, ती माणसांनी केली होती व माणसांनीच मोडली.

कर्माची शंका

आता सर्वांत कठीण भाग राहिला. वाचक म्हणतील, 'प्रपंच जड आहे, हे खरे. परंतु कर्मफळ देणाऱ्या देवता आहेत, असे शास्त्रच सांगते. मग त्या बालिकेचा मृत्यू हे तिच्या कर्माचे फळ नव्हे काय?'

शंका टाळण्यासारखी नाही. कर्म आहे व त्याचे फळ आहे, हा शास्त्राचा सामान्य नियम होय. तो आम्ही सोडीत नाही. परंतु अमक्या घटनेत अमक्या जीवाचे अमके कर्म फळले, हे कोण जाणतो? अनंत जन्मांची, अनंत कर्मांची गुंतागुंत ज्याला उलगडलेली आहे तो. आपण 'सर्वज्ञ' ही उपाधी एकट्या श्रीचक्रधर स्वामींना लावतो. जो वक्ता तंबूपुढे उभा राहून मेलेल्या मुलीचे कर्म सांगतो, तो नकळत ती उपाधी स्वतःस लावून घेतो. याहून मोठा अविनय कोणता?

दुसरे असे, की कर्माचा उपदेश साधकाला स्वतःविषयी केलेला आहे. माझ्या दुःखात मी म्हणावे, 'हे माझेच कर्म'. त्याने मला अनुताप होतो व मी सुधारतो. तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखात उच्चारले, की त्याची जात पालटते; ते औषध न राहता दगड होते.

तिसरे. घटकाभर मानले, की तिचा भोग हे तिचे जुने कर्म होते. तरी तिच्या आईपुढे मी कसा उभा राहिलो, हे माझे नवे कर्म आहे, आणि त्याचा जाब मला द्यावयाचा आहे. लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे. शिकाऱ्यांनी पिटाळलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. स्वामींनी त्याला अभय दिले आणि शिकाऱ्यांना तो शरण आल्याचे सांगितले. सर्वज्ञांना त्या सशाचे पूर्वकर्म ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? तरी त्याची उजळणी त्यांनी केली नाही. मांडी हालविली नाही, एवढेच केले. जो जाणत होता तो बोलला नाही. आणि आपण काही न जाणता बोलावे काय?

इतके सांगूनही शंका मुळासकट निघून गेली, असे आम्ही म्हणत नाही. जीवाला उद्धाराची संधी देणाऱ्या या कर्मभूमीत दोन वर्षांच्या जीवाला ती संधी मिळण्याआधीच देह का सोडावा लागतो, हा प्रश्न उरतोच. शास्त्र एवढे सांगते, की त्या जीवाचा प्रवास तेथे संपला नाही आणि परमेश्वराची कृपाही आटली नाही. त्यापुढे आपली बुद्धी चालत नाही, हे कबूल करण्यात लाज नाही. खोट्या उत्तराने प्रश्न झाकण्यापेक्षा प्रश्न उघडा ठेवून मनुष्याने आपले कर्तव्य करावे, हे अधिक बरे.

तात्पर्य

तात्पर्य असे : सृष्टीत रचना आहे, ती पाहून आश्चर्य करावे. सृष्टीत उपयोग आहेत. ते अनेकांचे आहेत, म्हणून 'हे माझ्यासाठीच' असे कोणी म्हणू नये. वारली बांधव आपल्या रानात वाघदेवाला मांडतात. आपला मार्ग देवतोपासना सांगत नाही. तरी रानात वाघाचाही वाटा आहे, ही त्यांची समजूत 'सगळे रान माझे' म्हणणाऱ्यापेक्षा आपल्या अहिंसाधर्माला अधिक जवळची आहे. सृष्टीचे प्रयोजन मात्र सृष्टीवर लिहिलेले नाही. ते वचनातून कळते, आणि ते जीवाचा उद्धार हेच आहे. त्या प्रयोजनाने कोणाला दुसऱ्यावर मालकी मिळत नाही आणि कोणा दुःखिताच्या माथी दोष येत नाही. उंबरात आणि भूकंपात एकच नियम चालतो : दोन्हीकडे जडाचा स्वभाव आहे व दोन्हीकडे हेतू आपण कल्पिलेला आहे. गुरुजींनी दोहोंना एकच माप लावले, हे योग्यच केले.

गुजरातेतील भडोचेकडून स्वामी महाराष्ट्रात आले. आज त्याच भडोचेकडे जाणारी आगगाडी डहाणू-घोलवडच्या ताडांमधून धावते. देशाच्या कडेला, झाडाच्या बुडाशी जन्म घालवावा, अशा अर्थाची आज्ञा आपणा भिक्षुकांना आहे. आणि ती कडा केवळ नकाशावरची नसते. जेथे माणसे भिंतीखाली निजण्यास भितात, तीही देशाची कडाच आहे. तेथे प्रवचनापूर्वी घोंगडी पोचली पाहिजे.

आता राहिला वर्गातील त्या मुलाचा प्रश्न. गुरुजी, आमच्या मते आपण त्याला असे सांगावे : 'बाळा, तिने काही केले नव्हते. जमिनीच्या पोटात खडक सरकला, सगळे घाबरून धावले आणि ती लहान होती म्हणून पडली. जमीन कोणावर रागावत नाही. तिला राग येतच नाही. राग आणि दया आपल्याजवळ असतात. म्हणून पुन्हा धक्का आला, तर ढकलाढकली न करता मोकळ्या जागी यायचे आणि प्रत्येक मोठ्याने एका धाकट्याचा हात धरायचा.'

हे सांगून झाल्यावर मुलांना एकदा अंगणात आणून, हात धरून उभे करून पाहावे.

॥ दंडवत प्रणाम ॥